हवेची वांटणी

वाड्यांत चूल एक आणि जेवणारीं माणसें तीस, असें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस धुराची वांटणी कशी होते हें सांगावयास नको. ओसरीवर पानसुपारी चाललेली असे, झोपाळा कुरकुरत असे, परसांतून वाऱ्याची झुळूक येई आणि पाहुणे म्हणत, "घर मोठें हवेशीर आहे हो तुमचें!" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. मात्र त्याच वेळीं माजघरापलीकडे ओल्या लांकडांशीं झगडत, हातांत फुंकणी घेऊन पदरानें डोळे पुसणाऱ्या आमच्या आत्याबाईंस कोणीं विचारलें असतें, तर उत्तर निराळें मिळालें असतें. आत्याबाई बालविधवा, पहांटेपासून दुपारपर्यंत चुलीजवळ त्याच. उतारवयांत त्यांस जो खोकला जडला तो शेवटपर्यंत गेला नाहीं. वाड्याचा जमाखर्च आमचे आजोबा पैपैपर्यंत लिहीत. पण तो खोकला त्यांत कधीं मांडला गेला नाहीं.

आत्याबाईंची ही आठवण आम्हांस झाली ती मात्र फार दूर, कॅलिफोर्नियांत. आमचा एक भाचा सान्फ्रान्सिस्कोच्या उपसागराकांठीं फ्रीमाँट ह्या गांवीं नोकरीनिमित्त राहतो. (ज्या घरांतून कोणी ना कोणी त्या बाजूस गेलेलें नाहीं असें घर आतां आमच्या ओळखींत विरळाच.) त्याच्याकडे कांहीं दिवस मुक्कामास असतांना एकदां त्याच्या मोटारींतून उत्तरेस बर्कलेस जाण्याचा योग आला. जातांना आम्ही ८८० क्रमांकाच्या महामार्गानें गेलों. पुढें, मागें, दोन्ही अंगांस लोखंडी पेट्या लादलेल्या अजस्र मालमोटारी. आमची मोटार त्यांत हत्तींच्या कळपांत सांपडलेल्या शेरडासारखी चाललेली. येतांना भाच्यानें टेकड्यांच्या बाजूनें जाणारा ५८० क्रमांकाचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंस हिरवीगार झाडी, टुमदार घरें, आणि मैलोगणती एकहि मालमोटार दिसेना. आम्हीं विचारलें, "आज सुटी आहे कीं काय?" तो हंसून म्हणाला, "नाहीं मामा, ह्या रस्त्यावर त्यांना बंदीच आहे."

चौकशी केली तेव्हां कळलें कीं साडेचार टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींस ओकलंड शहरांतील त्या टप्प्यावरून जाण्यास मनाई आहे. हा निर्बंध महामार्गाहूनहि जुना. त्या जागीं पूर्वीं जो रस्ता होता त्यावर शहरानें १९५१ सालीं तो घातला. पुढें महामार्ग झाला तरी तो तसाच चालूं राहिला, आणि २००० सालीं राज्याच्या कायद्यानें त्यास कायमचें रूप दिलें. टेकडीकडील सुखवस्तु मंडळींस मालमोटारींचा खडखडाट व धूर नको होता. त्यांत त्यांचें चुकलें असें कोण म्हणेल? तुम्हांआम्हांसहि तो नको असता. पण वर बंदी झाल्यानें मालमोटारी नाहींशा होत नाहींत. त्या खालच्या रस्त्यानें, सपाटीवरील गरिबांच्या घरांजवळून जातात. आणि हेंहि कबूल केलें पाहिजे कीं भाच्याच्या दाराशीं रोज येऊन पडणारीं खोकीं त्याच मालमोटारींनीं वाहिलेलीं होतीं, व परततांना आम्ही मात्र झाडीच्या रस्त्यानें आलों होतों.

ह्या मालमोटारी जेथून निघतात व जेथें पोंचतात तें ओकलंडचें बंदर. बंदराच्या पाठीशीं पश्चिम ओकलंड ही सुमारें पंचवीस हजार लोकांची वस्ती आहे. अमेरिका खंड ओलांडणारी आगगाडी १८६९ सालीं येथें येऊन थांबली, तेव्हांपासून ही वस्ती कष्टकऱ्यांची. आगगाडीच्या शयनयानांत प्रवाशांचीं अंथरुणें घालणारे कृष्णवर्णी पोर्टर येथें राहत आणि त्यांच्या गाजलेल्या संघाचें पश्चिमेकडील ठाणें येथेंच होतें. दुसऱ्या महायुद्धांत जहाजबांधणीच्या कामासाठीं टेक्सास, लुइझियाना इत्यादि भागांतून निग्रो कुटुंबें लोंढ्यानें आलीं. त्यांस त्या काळीं गोऱ्यांच्या आळींत घर मिळत नसे. त्यापूर्वींच, १९३० नंतरच्या दशकांत, घरकर्जाच्या कामासाठीं जे सरकारी नकाशे तयार झाले त्यांत हा भाग तांबड्या रंगानें रंगवून ठेवलेला होता. त्याचा अर्थ एवढाच कीं येथें घरासाठीं पैसा देणें धोक्याचें. जेथें जमीन स्वस्त आणि तक्रार करणाऱ्याचा आवाज बारीक, तेथून रस्ता काढणें सोपें, हें सर्व देशांतील अधिकाऱ्यांस न शिकवितां येतें. १९५७ सालीं सायप्रस नांवाचा दुमजली महामार्ग वस्तीच्या पोटांतून गेला. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपांत तो कोसळला आणि ४२ माणसें दगावलीं. तो त्याच जागीं पुन्हां उभा राहावयाचा होता. लोकांनीं तसें होऊं दिलें नाहीं. नवा मार्ग रेल्वेच्या बाजूनें वळसा घालून गेला आणि जुन्या जागीं आज नेल्सन मंडेला यांच्या नांवाचा, मधोमध झाडें लावलेला रस्ता आहे. तरी पण तीन महामार्ग, बंदर आणि रेल्वेचीं आवारें यांच्या कचाट्यांतून वस्ती सुटली नाहींच.

आतां ह्या सर्व मुलखाची हवा राखण्याचें काम कोणाकडे, हें पाहूं. १९५५ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें उपसागराभोंवतालच्या परगण्यांसाठीं एक प्रादेशिक हवा-मंडळ स्थापिलें. अनेक परगण्यांचें मिळून असें मंडळ त्या देशांत तें पहिलेंच. बे एरिया एअर डिस्ट्रिक्ट ह्या नांवानें तें आज ओळखलें जातें. आम्ही त्यास येथें हवा-मंडळच म्हणूं. त्याच्या कक्षेंत नऊ परगणे आहेत. पश्चिम ओकलंड त्यांत आहे, तसेंच ज्या सान होझे, सनीव्हेल, फ्रीमाँटकडे आपलीं मुलें जातात तीं गांवेंहि त्यांतच. परगण्यांचे लोकनियुक्त प्रतिनिधि, नगराध्यक्ष आणि नगरसभासद मिळून त्याचा कारभार पाहतात. मंडळाचा अगदीं पहिला नियम कचऱ्याच्या उकिरड्यांवर उघड्यानें आग लावण्याविरुद्ध होता. पुढें कारखान्यांच्या धुराड्यांस वेसण बसली, आणि एकंदर प्रदेशाची हवा दशकामागून दशक सुधारत गेली. हें काम लहान नव्हे.

परंतु सुधारली म्हणजे कोठें मोजली? मंडळाचीं मापनाचीं ठाणीं मोजकीं आणि एकमेकांपासून दूर. एकेका ठाण्याच्या आंकड्यांत लाखों लोकांचा श्वास धरला जाई. ओसरीवर बसून सबंध वाड्याची हवा ठरविण्यासारखाच हा प्रकार होता. सरासरी काढण्यांत लबाडी होती असें आमचें म्हणणें नाहीं. पण सरासरीला स्वयंपाकघर दिसत नाहीं.

स्वयंपाकघरांतला धूर पहिल्यानें मोजला तो चुलीजवळच्या माणसांनींच. पश्चिम ओकलंडांतील कांहीं रहिवाशांनीं एक संस्था काढली व संशोधकांच्या साहाय्यानें आपल्या वस्तीचे आंकडे आपणच जमविण्यास आरंभ केला. त्यांत पुढाकार होता मार्गारेट गॉर्डन ह्या बाईंचा. वस्तींत त्यांस आदरानें 'मिस मार्गारेट' म्हणतात. घरांच्या रांगांमधून दिवसाकाठीं किती मालमोटारी जातात, किती ठिकाणीं त्या यंत्र चालूं ठेवून उभ्या असतात, हें लोकांनीं स्वतः मोजलें आणि २००३ सालीं त्याचा वृत्तांत छापला. आमच्याकडे अशा वेळीं अर्ज लिहिला जातो आणि त्याखालीं शंभर सह्या होतात. सह्यांना कोणी भीत नाहीं. आंकड्यांना मात्र उत्तर द्यावें लागतें.

डिझेलच्या धुरांतील काजळी हा नुसता कपडे मळविणारा पदार्थ नव्हे. तिचे कण इतके सूक्ष्म कीं नाकाच्या केंसांस व घशास न जुमानतां ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. कॅलिफोर्निया राज्यानें १९९८ सालीं ह्या काजळीस विषारी द्रव्यांच्या यादींत घातलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करतो असा निर्वाळा दिला. दमेकरी मुलें आणि हृदयविकाराचीं म्हातारीं माणसें यांस तर तो ताबडतोब जाणवतो.

हवा-मंडळानें २००४ पासून, कोणत्या वस्त्यांत विषारी धूर अधिक व लोक अधिक दुबळे आहेत, याचा शोध आरंभिला. मग राज्याचें हवा-खातें, हें मंडळ आणि बंदर यांनीं मिळून पश्चिम ओकलंडची तपासणी केली. २००८ सालीं निष्कर्ष बाहेर आला. जन्मभर त्या वस्तींत राहणाऱ्या दहा लक्ष माणसांमागें सुमारें १,२०० जणांस केवळ डिझेलच्या काजळीनें कर्करोग होण्याचा संभव! हा धोका उपसागराभोंवतालच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट होता. आणि त्यांतला सर्वांत मोठा वांटा जहाजांचा किंवा आगगाड्यांचा नसून मालमोटारींचा निघाला. वह्या घेऊन मोजणाऱ्यांचें म्हणणें खरें ठरलें. त्याच्या आदल्याच वर्षीं मिस मार्गारेट यांची नेमणूक बंदराच्या कारभारी मंडळावर झाली होती. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें, त्याच्याच सदरेवर गाऱ्हाणें करणारी जाऊन बसली.

येथपर्यंतची हकीगत ऐकून मन प्रसन्न होतें. पुढील भाग तितका सरळ नाहीं, आणि आम्हांस तोच अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

१ जानेवारी २०१० पासून, धुराड्यावर काजळी अडविणारी गाळणी नसलेल्या जुन्या मालमोटारींस बंदरांत प्रवेश नाहीं, असा राज्याचा नियम अमलांत आला. नियम योग्यच. पण बंदरावरच्या ह्या मालमोटारी मोठ्या पेढ्यांच्या नव्हत्या. बहुतेक ठिकाणीं चालक तोच मालक. देशांतर करून आलेला, खेपेप्रमाणें पैसे मिळविणारा, जुनी गाडी हप्त्यानें घेतलेला संसारी मनुष्य. गाळणीस हजारों डॉलर पडत. हवा-मंडळानें व इतरांनीं अनुदानें दिलीं, परंतु पैसा सर्वांस पुरला नाहीं. कित्येक चालकांची गाडी बंदराच्या दाराशीं अडली. त्यांनीं निदर्शनें केलीं. कित्येकांनीं कर्ज काढलें. म्हणजे वस्तींतील मुलाच्या छातींतला धूर काढावयाचा तर त्याचें बिल प्रथम दुसऱ्या गरिबाच्या हातांत पडलें. ज्यांचा माल वाहिला जातो ते व्यापारी व ज्यांच्या दाराशीं खोकीं येतात ते आपण, ह्या बिलापासून दूरच राहिलों. न्यायाची गोष्ट निघाली म्हणजे ही बाजू सहसा कोणी सांगत नाहीं.

उपाय मात्र लागू पडला. बर्कले येथील शास्त्रज्ञांनीं बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, प्रत्यक्ष जात्या गाड्यांच्या धुराचें मापन केलें. २००९ ते २०१३ ह्या चार वर्षांत मालमोटारींमागील काजळीचें प्रमाण सुमारें ७६ टक्क्यांनीं उतरलेलें आढळलें. इतकें फळ इतक्या थोड्या अवधींत क्वचितच मिळतें.

तरीहि सरासरीचा प्रश्न उरलाच. २०१५ च्या मे महिन्यापासून वर्षभर, रस्त्यांचीं छायाचित्रें घेणाऱ्या गूगल कंपनीच्या मोटारींवर मापनयंत्रें बसवून त्या ओकलंडच्या गल्लीगल्लींतून पुन्हां पुन्हां फिरविण्यांत आल्या. २०१७ सालीं तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच आळींत, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत, कांहीं ठिकाणीं प्रदूषणांत पांचपासून आठपट फरक! जेथें आपण 'शेजार' म्हणतों तेथें दोन निराळ्या हवा नांदत होत्या. त्याच उन्हाळ्यांत पश्चिम ओकलंडांत रहिवाशांच्या घराअंगणांतून काजळी मोजणारीं शंभर लहान यंत्रेंहि बसलीं.

त्याच वर्षीं राज्यानें एक कायदा केला. विधेयकाच्या क्रमांकावरून त्यास '६१७' असें म्हणतात. धुरानें सर्वाधिक गांजलेल्या वस्त्या निवडाव्या, तेथील हवा जागेवर मोजावी, आणि प्रादेशिक मंडळानें वस्तींतील लोकांसह बसून सुधारणेची योजना करावी, असा त्याचा आशय. कायद्याची दुसरी बाजूहि वाचकांस सांगितली पाहिजे. तो एकटा आला नाहीं. त्याच्याच जोडीनें दुसरा कायदा आला, आणि त्यानें कर्बवायूच्या राज्यव्यापी बाजारांत सामील असलेल्या तेलशुद्धीच्या व इतर कारखान्यांवर कर्बवायूबाबत स्वतंत्र बंधन घालण्याचा प्रादेशिक मंडळांचा अधिकार काढून घेतला. उपसागराचें हवा-मंडळ नेमक्या तसल्याच नियमाच्या विचारांत होतें. एका हातानें ताटांत वाढलें व दुसऱ्या हातानें वाटी उचलली, असें कांहीं वस्त्यांतील पुढाऱ्यांस वाटलें. तें आम्हांस गैर वाटत नाहीं.

२०१८ सालीं राज्यानें पहिल्या ज्या दहा वस्त्या निवडल्या त्यांत पश्चिम ओकलंड होतें. हवा-मंडळानें येथें एक गोष्ट विशेष केली. सरकारी खातें योजना तयार करतें आणि मग लोकांस 'आपल्या सूचना कळवाव्या' म्हणून सांगतें, ही सर्वत्रची रीत. येथें मिस मार्गारेट यांची संस्था आणि मंडळ यांनीं बरोबरीच्या नात्यानें समिति चालविली. रहिवासी, बंदर, नगरपालिका, आरोग्यखातें सारे तींत आले. संगणकाच्या गणितानें धूर कोणत्या घरापर्यंत, कोणत्या उगमापासून किती येतो, हें एकेका आळीपर्यंत उलगडून पाहिलें गेलें. ऑक्टोबर २०१९ मध्यें ८९ उपायांची योजना मंडळानें मंजूर केली. तिचें इंग्रजी नांव आम्ही मराठींत 'आमची हवा, आमचा हक्क' असें सांगूं.

उपायांची यादी देऊन वाचकांस कंटाळा आणीत नाहीं. मालमोटारींचे मार्ग व थांबे घरांपासून दूर नेणें, भंगाराचे कारखाने वस्तीबाहेर हलविणें, विजेवर चालणारीं वाहनें, रस्त्याकडेस दाट झाडी, शाळांतून हवा गाळणारीं यंत्रें, अशा प्रकारचे ते आहेत. आम्हांस मोल वाटतें तें योजनेच्या ध्येयाचें. अमुक टक्के घट, असें तें नाहीं. २०२५ पर्यंत वस्तींतील प्रत्येक भागाची हवा आजच्या मध्यम भागाइतकी व्हावी. आणि २०३० पर्यंत प्रत्येक भागाची हवा आजच्या सर्वांत स्वच्छ भागाइतकी व्हावी. म्हणजे मोजणी सर्वांत वाईट जागेपासून. आमच्या वाड्याची हवा आजोबांनीं ह्या मापानें मोजली असती, तर झोपाळ्यावरच्या पाहुण्यांचा शेरा आधीं आत्याबाईंकडे पडताळणीस जाता.

मात्र मंडळाच्या हातीं किती आहे? फारच थोडें. त्याची सत्ता चालते ती जागच्या जागीं असणाऱ्या धुराड्यांवर. मालमोटारींचे नियम राज्य करणार. जहाजें आणि आगगाड्या मुख्यतः केंद्र सरकारच्या. जमिनीचा वापर नगरपालिकेकडे. महामार्ग राज्याच्या रस्तेखात्याकडे. ८९ उपायांपैकीं पुष्कळ ह्या इतरांच्या मर्जीवर अवलंबून. जेथें सत्ता आहे तेथेंहि भांडावें लागतें. उपसागराच्या उत्तरेस रिचमंड येथें शेवरॉन कंपनीच्या तेलशुद्धी कारखान्यास ६ ऑगस्ट २०१२ रोजीं आग लागून सुमारें १५,००० लोक दवाखान्यांत गेले होते. अशा कारखान्यांतील धूलिकणांवर मंडळानें जुलै २०२१ मध्यें कडक नियम केला तेव्हां कंपनी न्यायालयांत गेली, आणि २०२४ सालीं तडजोड होऊन नियम टिकला. पण मालमोटारींच्या बाबतींत पाऊल मागें पडलें. बंदरावरील मालमोटारी क्रमाक्रमानें धूररहित करण्याचा राज्याचा नियम होता. त्यास केंद्राची संमति लागणार होती, आणि जानेवारी २०२५ मध्यें राज्यानें तो संमतीचा अर्जच परत घेतला. २०२५ हें योजनेच्या पहिल्या ध्येयाचें वर्ष होतें.

५८० वरील बंदीस हवा-मंडळ हात लावूं शकत नाहीं; तो राज्याचा कायदा. परंतु त्या बंदीमुळें ज्यांच्या घरांजवळून मालमोटारींची रांग जाते, त्या पूर्व ओकलंड वस्तीची निवड २०२२ सालीं ६१७ च्या योजनेसाठीं झाली. तेथेंहि रहिवाशांची समिति बसली. आमच्या भाच्यास आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "मामा, मी चौदा वर्षें ह्या दोन्ही रस्त्यांनीं जातों, मला वाटे तो खालचा रस्ताच मालमोटारींचा आहे." दुसऱ्या दिवशीं त्यास ओकलंडास काम होतें. तो ८८० नें गेला, आणि वाटेंत घरांच्या रांगा महामार्गापासून किती हातांवर आहेत हें पाहून आला. संध्याकाळीं जेवतांना त्यानें तें सर्वांस सांगितलें.